आपणही अल्पसंख्य: भाषेचा हक्क आणि आपली जबाबदारी

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून काही जणांनी आम्हाला आरतीच्या वेळीच विचारले, "अहो, कुर्द लोकांशी आपला काय संबंध? आपण सुरतेत, ते तुर्कस्तानात." प्रश्न रास्त आहे. पण विषय तुर्कस्तानातून सुरू झालेला नाही. तो सुरू झाला आपल्याच मंडपात, आणि तोही एका अर्जामुळे.

आपल्यातल्याच एका कुटुंबातली मुलगी बारावीनंतर मुंबईच्या महाविद्यालयात प्रवेश घेऊ पाहत होती. अर्जात एक रकाना होता: भाषिक अल्पसंख्य. त्यात गुजराती होती, सिंधी होती, हिंदी होती. मराठी नव्हती. ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, "काका, सुरतेत सगळे म्हणतात तुम्ही मराठी लोक थोडे. मग आम्ही अल्पसंख्य आहोत की नाही?" आम्ही म्हणालो, "सुरतेत आहेस, मुंबईत नाहीस." त्यावर ती हसून म्हणाली, "म्हणजे गाडी उंबरगाव सोडून घोलवडला पोचेपर्यंत माझे हक्क बदलतात?"

तिने थट्टेत विचारले, पण उत्तर अक्षरशः तेच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ३१ ऑक्टोबर २००२ रोजी टी. एम. ए. पै प्रतिष्ठानच्या खटल्यात निकाल दिला, की अल्पसंख्य कोण हे राज्य हा घटक धरून ठरवायचे. त्यामुळे महाराष्ट्रात मराठी माणूस बहुसंख्य, गुजरातेत अल्पसंख्य. गुजराती माणूस इथे बहुसंख्य आणि बोरिवलीत अल्पसंख्य. हद्द ओलांडली की माणूस तोच राहतो, त्याची बाजू बदलते.

या एका गोष्टीवर आम्ही बराच विचार केला. आपल्यापैकी अनेकांची सुरतेत तिसरी, चौथी पिढी आहे. घरे इथे, धंदा इथे, मतदानाचे कार्ड इथले, स्मशानही इथलेच. पण "आपण भाषिक अल्पसंख्य आहोत आणि राज्यघटनेने आपल्याला काही दिले आहे" हे वाक्य आपल्या घरात कधी उच्चारले गेले आहे का? आमच्या घरात तरी नाही. म्हणून हे भाषण.

आपण इथे कसे आलो

सुरत आणि मराठी यांचे नाते सांगायला गेले, की लोक १६६४ आणि १६७० ही साले आठवतात. शिवाजी महाराजांच्या त्या दोन स्वाऱ्यांवरून आजही आपले गुजराती मित्र आपली चेष्टा करतात आणि आपणही हसून घेतो. त्यानंतर १९०७ चा डिसेंबर. सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनात जहाल-मवाळ वाद इतका पेटला, की व्यासपीठावर जोडा आला, आणि तो मराठी घडणीचा होता असे इतिहासात नमूद आहे. ज्यांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला चळवळीचे रूप दिले ते लोकमान्य त्या व्यासपीठावर उभे होते. म्हणजे आपल्या उत्सवाचे आणि या शहराचे नाते जुने आहे.

पण आज इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांचे पूर्वज ना स्वारीबरोबर आले, ना अधिवेशनाला. काही घरे नोकरीने आली. शाळेत, रेल्वेत, कचेरीत, बडोदे संस्थानच्या चाकरीतून पुढे सरकत. आणि फार मोठा लोंढा आला तो खानदेशातून. ताप्ती व्हॅली रेल्वेने सुरत आणि खानदेश जोडले आणि नंदुरबार, धुळे, जळगावच्या कोरडवाहू गावांतून माणसे उधन्याला उतरू लागली. यंत्रमाग, डाइंग-प्रिंटिंगच्या मिल, हिऱ्याच्या घंट्या, हमाली, रिक्षा, मग हळूहळू दुकान, वकिली, दवाखाना. लिंबायत, उधना, नवागाम, डिंडोली, पांडेसरा या भागांत फिरताना आजही कानावर अहिराणी पडते. "कथा जाई राहिना?" असे कोणी हाकारले, की अंमळनेरच्या बाजारात असल्यासारखे वाटते.

२०११ च्या जनगणनेत गुजरातेत मातृभाषा मराठी सांगणारे नऊ लाखांहून अधिक होते, राज्याच्या लोकसंख्येच्या साधारण दीड टक्का. त्यातला मोठा वाटा दक्षिण गुजरातेत आणि बडोद्यात. या आकड्यात एक गंमत आहे, तिच्याकडे पुढे येऊ.

कागदावर आपल्याजवळ काय आहे

१९५३ साली फाजल अली यांच्या अध्यक्षतेखाली राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. १९५५ मध्ये त्याचा अहवाल आला. भाषावार राज्ये झाली तरी प्रत्येक राज्यात दुसऱ्या भाषेचे लोक उरणारच, हे आयोगाने स्पष्ट ओळखले होते. रेघ कुठेही मारा, रेघेच्या दोन्ही बाजूंना कोणीतरी चुकीच्या बाजूला राहतोच. आपल्या बाबतीत ती रेघ १ मे १९६० रोजी पडली. इकडे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ, तिकडे इंदुलाल याज्ञिकांची महागुजरात चळवळ. दोन्हीकडे रक्त सांडले आणि मुंबई राज्याची दोन राज्ये झाली. डांग गुजरातेत आला. मुंबईतले गुजराती महाराष्ट्रात राहिले. आपण सुरतेत राहिलो.

अशा उरलेल्यांसाठी राज्यघटनेत तरतुदी आहेत. त्या पाठ करायला नकोत, पण घरातल्या एका माणसाला तरी माहीत असाव्यात.

कलम २९ म्हणते, की ज्यांची स्वतःची भाषा, लिपी किंवा संस्कृती आहे अशा कोणत्याही नागरिकसमूहाला ती जतन करण्याचा हक्क आहे. कलम ३० म्हणते, की धार्मिक किंवा भाषिक अल्पसंख्यांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क आहे. कलम ३५० म्हणते, की आपल्या गाऱ्हाण्याचा अर्ज केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्याकडे देता येतो. आणि १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने दोन कलमे जोडली. ३५०-क: भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावे यासाठी राज्याने आणि स्थानिक संस्थांनी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न करावा. ३५०-ख: भाषिक अल्पसंख्यांसाठी राष्ट्रपतींनी विशेष अधिकारी नेमावा, त्याचा अहवाल संसदेपुढे यावा. त्याप्रमाणे १९५७ मध्ये भाषिक अल्पसंख्य आयुक्तांची कचेरी सुरू झाली.

आता कामाची गोष्ट. १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने एक सूत्र ठरवले, ते पुढे सर्व राज्यांनी मानलेल्या योजनेचा भाग झाले. शाळेत ४० किंवा एका वर्गात १० मुले एखाद्या भाषेची असतील, तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा. शाळा सुरू होण्याआधी पालकांनी भाषेची पसंती नोंदवावी. एका शाळेत मुले कमी पडली तर जवळच्या शाळेतली मुले एकत्र करून वर्ग चालवावा. हे सूत्र म्हणजे राज्यांनी मान्य केलेले धोरण आहे, कायद्याची सक्ती नाही. पण अर्जात लिहायला ते पुरेसे आहे. चाळीस आणि दहा, हे दोन आकडे लक्षात ठेवा.

आणि सुरतेला याबाबतीत श्रेय दिलेच पाहिजे. आपली नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजरातीबरोबर हिंदी, मराठी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांच्या शाळा चालवते. देशातल्या किती महापालिका हे करतात? मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तके गांधीनगरहून छापून येतात, दहावीचा पेपर मराठीत देता येतो. हे आपल्याला कोणी भीक म्हणून दिलेले नाही, पण फुकट मिळाल्यासारखे आपण ते वागवले आहे.

ज्यांना यातले काहीच नव्हते

आता कुर्द लोकांकडे वळू. त्यांची गोष्ट ऐकल्याशिवाय आपल्या कलमांची किंमत कळत नाही.

तुर्कस्तान, इराक, इराण आणि सीरिया या चार देशांच्या डोंगराळ सीमाभागात तीन-चार कोटी कुर्द राहतात. त्यांची भाषा तुर्कीही नाही, अरबीही नाही. ती फारसीच्या कुळातली. पहिल्या महायुद्धानंतर १९२० च्या सेव्हर्स तहात त्यांच्या स्वायत्ततेचा उल्लेख होता. तीन वर्षांनी, १९२३ च्या लोझान तहात तो गेला. त्या तहात तुर्कस्तानने अल्पसंख्य म्हणून मान्यता दिली ती फक्त बिगरमुस्लिमांना. कुर्द बहुतांशी मुसलमान. धर्म एकच, मग तुम्ही वेगळे कसले, असा हिशेब झाला. भाषा वेगळी असू शकते आणि तीही माणसाची ओळख असते, हे मोजलेच गेले नाही. पुढे कितीतरी वर्षे सरकारी भाषेत त्यांना "डोंगरी तुर्क" म्हटले गेले. माणसे होती, पण त्यांचे नाव नव्हते.

१९८० च्या लष्करी बंडानंतर आलेल्या राज्यघटनेच्या कलम ४२ मध्ये लिहिले गेले, की तुर्कीखेरीज कोणतीही भाषा मातृभाषा म्हणून शाळेत शिकवता येणार नाही. ते कलम अजून आहे. १९८३ मध्ये कायदा करून कुर्दी भाषेत छापणे-बोलणे इतके आवळले, की गाण्याची कॅसेट बाळगणेही धोक्याचे झाले. तो कायदा १९९१ मध्ये रद्द झाला. त्याच वर्षी लेला झाना ही कुर्द बाई संसदेवर निवडून आली. तिने तुर्कीत शपथ घेतली आणि शेवटी एक वाक्य कुर्दीत म्हटले, तुर्की आणि कुर्द जनतेच्या बंधुभावाचे. सभागृहात गदारोळ झाला. पुढे १९९४ मध्ये फुटीर संघटनेशी संबंधाच्या आरोपाखाली ती तुरुंगात गेली, ती २००४ मध्ये सुटली. दहा वर्षे.

क्यू, डब्ल्यू आणि एक्स ही तीन अक्षरे तुर्की वर्णमालेत नाहीत, कुर्दीत आहेत. २०१३ पर्यंत तुर्कस्तानात ती सरकारी कागदावर चालत नव्हती. विचार करा, आपल्या मुलाच्या जन्मदाखल्यावर 'ळ' लिहायला बंदी आहे. काळे, गोखले, मुळे, सगळी आडनावे अडली असती की नाही? गोखल्यांचे तेवढे निभावले असते!

सीरियात १९६२ मध्ये एका प्रांतात एका दिवसात जनगणना घेतली आणि लाखावर कुर्दांचे नागरिकत्व काढून घेतले. इराकमध्ये १६ मार्च १९८८ रोजी हलब्जा गावावर विषारी वायू सोडला गेला, सुमारे पाच हजार माणसे मेली. ही यादी लांबवत नाही; मंगलकार्य आहे. पण एवढे सांगितले पाहिजे, की दुसऱ्या बाजूनेही बंदुका उचलल्या गेल्या. तुर्कस्तानात १९८४ पासून चाललेल्या सशस्त्र संघर्षात चाळीस हजारांच्या आसपास माणसे गेली, त्यात शाळामास्तर होते, खेड्यातले शेतकरी होते, दोन्हीकडचे पोरगे सैनिक होते. कुर्दांच्या त्या संघटनेने २०२५ च्या मे महिन्यात स्वतःला विसर्जित करण्याची घोषणा केली.

मग सुधारणा झाल्या का? थोड्या, आणि ज्या झाल्या त्या कशा झाल्या ते पाहण्यासारखे आहे. १ जानेवारी २००९ रोजी तुर्कस्तानच्या सरकारी दूरदर्शनने कुर्दी वाहिनी सुरू केली. २०१२ मध्ये शाळेत कुर्दी हा ऐच्छिक विषय घेता येऊ लागला. पण ऐच्छिक विषयाला ठरावीक मुले जमावी लागतात, शिक्षक लागतो, आणि पालकाला अर्ज करावा लागतो. अनेक ठिकाणी तिथेच गाडी अडली. इराकच्या २००५ च्या राज्यघटनेने कुर्दीला अरबीच्या बरोबरीने राजभाषा केले. आणि त्याच कलमात आणखी एक ओळ आहे, जी आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते: तुर्कमेन आणि सिरियाक भाषिक जिथे दाट वस्तीने राहतात तिथे त्यांच्याही भाषांना मान. म्हणजे ज्यांनी स्वतः सोसले, त्यांच्या शेजारच्या त्याहून लहान लोकांचीही नोंद घेतली गेली.

बंधू-भगिनींनो, आपली आणि त्यांची बरोबरी करण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. सुरतेत मराठी बोलल्याबद्दल कोणी तुरुंगात गेलेले नाही. लिंबायतमधून संगीता पाटील आमदार होतात, नवसारीतून सी. आर. पाटील २००९ पासून खासदार आहेत. त्यांच्या पक्षाबद्दल तुमचे-आमचे मत काहीही असो, मराठी आडनाव इथे निवडून येण्याच्या आड येत नाही. आपल्या गणपतीसमोर गुजराती शेजारी मोदकाचे ताट घेऊन उभा असतो. पण म्हणूनच प्रश्न जास्त बोचतो. ज्यांना शाळा नव्हती ते शाळेसाठी तुरुंगात गेले. ज्यांना शाळा होती, त्यांनी काय केले?

पहिलीचा पट नऊ

आमच्या माहितीतल्या एका मराठी शाळेत मध्यंतरी पहिलीचा पट नऊ होता. शाळेचे नाव घेत नाही, कारण दोष शाळेचा नाही. शिक्षिका उन्हातान्हात घरोघर फिरल्या. आमच्याही सोसायटीत आल्या. आम्ही त्यांना पाणी दिले, चहा दिला, "फार चांगले काम करता" म्हणालो, आणि आमच्या नातवाचे नाव इंग्रजी शाळेत घालून आलो. त्या जिना उतरून गेल्या तेव्हा आमच्या सूनबाई एवढेच म्हणाल्या, "त्यांना दहा पाहिजे होते." आम्हाला तेव्हा दहाचा अर्थ माहीत नव्हता. आता माहीत आहे.

नातवाला इंग्रजी शाळेत घातले याचा पश्चात्ताप आहे असे म्हणालो, तर ते खोटे होईल. प्रत्येक आईबाप मुलाच्या पोटापाण्याचा विचार करतो. सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ मध्ये म्हटले आहे, की प्राथमिक शिक्षणाचे माध्यम निवडण्याचा हक्क पालकांचा, सरकार मातृभाषा लादू शकत नाही. तेव्हा मराठी शाळेत घातले नाही म्हणून कोणाकडे बोट दाखवायला आम्ही उभे नाही. आम्ही एवढेच म्हणतो, की हक्क हा न वापरता ठेवलेल्या विहिरीसारखा असतो. कोणी बुजवत नाही, गाळाने आपोआप बुजते. ज्याला परवडते तो इंग्रजीत जातो आणि मग मराठी शाळा उरते ती फक्त मागाच्या कामगाराच्या मुलासाठी. त्या मुलासाठी तरी ती चांगली राहावी असे वाटत असेल, तर आपल्याला तिच्यात लक्ष घालावे लागेल. ज्या शाळेत कोणाही वजनदार माणसाचे मूल नाही, त्या शाळेच्या गळक्या छताची तक्रार कोण करणार?

दुसऱ्या बाजूची नीती

आता थोडी कडू गोष्ट. २८ फेब्रुवारी २०२३ रोजी गुजरात विधानसभेने एकमताने कायदा केला: पहिली ते आठवी, कोणत्याही बोर्डाच्या, कोणत्याही माध्यमाच्या शाळेत गुजराती शिकवलेच पाहिजे. तेव्हा आपल्यातल्या काहींनी कपाळाला आठ्या घातल्या. आम्ही विचारतो, कशासाठी? महाराष्ट्राने २०२० मध्ये मराठीसाठी असाच कायदा केला तेव्हा आपण पेढे वाटायला तयार होतो. त्याही आधीची गोष्ट. मुंबईतल्या गुजराती भाषिक अल्पसंख्यांच्या इंग्रजी शाळांनी मराठीच्या सक्तीविरुद्ध दाद मागितली होती. उषा मेहता विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अल्पसंख्य संस्थांनाही राज्याची भाषा शिकवायला लावणे गैर नाही. जिथे राहता तिथली भाषा शिका. तो निकाल मराठीच्या बाजूने होता म्हणून आपल्याला गोड वाटला. तोच न्याय सुरतेत गुजरातीच्या बाजूने लागू होतो.

आणि खरे पाहता गुजरातीची आपल्याला भीती नाही. आपण गुजराती गुजराती माणसासारखी बोलतो, आपली मुले पुस्तकाला "चोपडी" म्हणतात आणि भाजीला "शाक". राज्याची भाषा येणे हा नागरिकत्वाचा भाग आहे. तिच्याबरोबर आपली भाषा टिकवणे हा हक्काचा भाग आहे. यातले एक दुसऱ्याच्या जागी बसवायचे नाही. बेळगावच्या मराठी माणसाचे दुःख हेच आहे. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला सीमाप्रश्नाचा दावा अजून लोंबकळत आहे. जमिनीचा निकाल लागेल तेव्हा लागेल, पण तोपर्यंत तिथल्या माणसाला आपल्या भाषेतला कागद मिळायला काय हरकत आहे? एखाद्या तालुक्यात किंवा नगरपालिकेत १५ टक्क्यांहून अधिक लोक एखाद्या भाषेचे असतील, तर महत्त्वाच्या सूचना त्या भाषेत द्याव्यात, हे राज्यांनी मान्य केलेलेच सूत्र आहे. बेळगावात आपण ते मागतो. मग सोलापूर-अक्कलकोटच्या कन्नड माणसाला ते देताना हात आखडता घेऊ नये. मागताना एक माप आणि देताना दुसरे, असा व्यापार सुरतेच्या बाजारातही चालत नाही.

आणि आता ती आकड्यातली गंमत. जनगणनेत अहिराणी मराठीत मोजली जात नाही. ती खानदेशी या वेगळ्या भाषेखाली जाते. २०११ मध्ये देशभरात अठरा लाखांहून अधिक लोकांनी त्या गटातल्या बोली मातृभाषा म्हणून सांगितल्या. आपल्यापैकी जुनी, पुस्तकी मराठी बोलणारी घरे खानदेशी माणसाला "तुमची भाषा अशुद्ध" म्हणून पिढ्यान्‌पिढ्या हिणवत आली. आमच्याही घरात हे झाले, नाकबूल कशाला करा. मंडळाच्या नाट्यस्पर्धेत अहिराणी नाटकाला जागा द्यावी की नाही यावर किती वर्षे वाद घातला, ते जुन्या सभासदांना आठवत असेल. आता जनगणना आली, की काही जण त्यांना सांगतील, "मराठीच लिहा, आपला आकडा वाढतो." आमचे मत स्पष्ट आहे. ज्याची मातृभाषा अहिराणी त्याने अहिराणी सांगावी, ज्याची मराठी त्याने मराठी. "डोंगरी तुर्क" म्हणण्याचा दोष दूर अंकाऱ्यात नसतो, तो आपल्या मंडपातही शिरतो. आपल्याला आकडा वाढवायचा असेल तर तो मनाने जोडून वाढवावा, रकान्यात दाबून नव्हे.

आपण काय करू शकतो

नुसते भाषण करून खाली बसायचे नाही असे आम्ही ठरवले आहे. चार छोट्या गोष्टी मांडतो, सगळ्या आपल्या आवाक्यातल्या.

पहिली, येत्या जनगणनेत मातृभाषेचा रकाना स्वतः सांगून भरून घ्यायचा. गणक दारात आला आणि आपण स्वयंपाकघरातून "लिहा तुम्हीच काहीतरी" म्हणालो, तर तो गुजराती लिहील, हिंदी लिहील. जे मोजले जात नाही त्याला शिक्षक मिळत नाही.

दुसरी, उन्हाळ्याच्या सुट्टीआधी, साधारण मार्चमध्ये, आपापल्या भागात पहिलीत जाणाऱ्या मुलांची यादी करायची. ज्या पालकांना मराठी माध्यम हवे आहे त्यांचे अर्ज एकत्र करून शिक्षण समितीकडे द्यायचे. नऊ आहेत म्हणून हातावर हात ठेवून बसायचे नाही. दहावा शेजारच्या गल्लीत असतो. आणि अर्जाची एक प्रत मराठीत द्यायची. कलम ३५० तो हक्क देते. बरोबर गुजराती प्रत जोडायची, म्हणजे वाचणाऱ्यालाही त्रास नाही. हक्क बजावताना समोरच्याची सोय पाहिली, तर काम लवकर होते.

तिसरी, जी मुले इंग्रजी किंवा गुजराती शाळेत जातात त्यांच्यासाठी मंडळाच्या खोलीत रविवारी सकाळी दोन तास मराठी वाचन. परीक्षा नाही, फी नाही. आजी-आजोबांनी शिकवायचे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण फटाके लावले. अभिजात भाषा नातवाला वाचता येत नसेल, तर तो दर्जा भिंतीवरच्या तसबिरीसारखा, हार घालण्यापुरता.

चौथी, सुरतेत उडिया आहेत, तेलुगू आहेत. पांडेसऱ्याच्या मागांवर गंजामचा माणूस आणि नंदुरबारचा माणूस शेजारी-शेजारी उभे असतात. त्यांच्याही शाळांचे प्रश्न हेच आहेत. शिक्षण समितीपुढे आपण एकटे गेलो तर एक गट, तिघे मिळून गेलो तर शहर. पुढच्या उत्सवात त्यांच्या मंडळातल्या लोकांना एक संध्याकाळ आपण बोलवावे, अशी कार्यकारिणीला आमची विनंती आहे.

लोकशाही म्हणजे बहुमताचे राज्य, असे आपण नागरिकशास्त्रात शिकलो. ते अर्धेच खरे आहे. जो मतमोजणीत कधीच जिंकणार नाही त्यालाही घरात बसल्यासारखे वाटावे, याची सोय म्हणजे उरलेली अर्धी लोकशाही. कुर्दांना ती शंभर वर्षे पुरती मिळाली नाही. आपल्याला ती १९५० आणि १९५६ मध्ये कागदावर मिळाली. ती वापरणे आपल्या हातात आहे, आणि आपण बहुसंख्य असू तिथे ती दुसऱ्याला देणेही आपल्याच हातात आहे.

त्या मुलीला शेवटी मुंबईत सर्वसाधारण गटातून प्रवेश मिळाला. जाताना आम्ही तिला म्हणालो, "तिथे वर्गात गुजराती मुली असतील. त्या तिथे थोड्या असतील. तुला थोडे असणे कसे असते ते ठाऊक आहे, एवढे लक्षात ठेव." ती म्हणाली, "काका, मी त्यांच्याशी गुजरातीतच बोलणार आहे. नाहीतर घरची आठवण येईल तेव्हा बोलू कोणाशी?"

यापेक्षा चांगला समारोप आमच्याजवळ नाही. बाहेर रविवारच्या वाचनवर्गासाठी वही ठेवली आहे. प्रसाद घेण्याआधी नाव लिहावे.

गणपती बाप्पा मोरया!